पाण्यावर पाठवलेली पाच

हरिचंद्र गुरुजींच्या पोटात दुखायला नेमकं कधी लागलं, हे त्यांना विचारलं असतं तर त्यांनी कानावर हात ठेवले असते. त्यांच्या बायकोला, ठमाबाईंना, मात्र तो दिवस पक्का आठवत होता. शहाण्णव सालच्या नोव्हेंबरातला शनिवार. गुरुजी बदलापूरच्या शाळेतून मांजर्लीला घरी आले, चपला काढल्या आणि पाणीही न मागता ओटीवर बसून राहिले.

"यंदा पाठाची भाकर कवा करायची?" ठमाबाईंनी विचारलं.

"यंदा भाकर नको," गुरुजी म्हणाले.

या भाकरीची हकीकत सांगायला हवी. दर हिवाळ्यात आसपासच्या दहा-बारा प्राथमिक शाळांतले शिक्षक एक दिवस एका शाळेत जमत. त्यांच्यातला एक जण खऱ्याखुऱ्या वर्गावर पाठ घेई, बाकीचे मागे बसून बघत, आणि मग एकेकानं उठून त्या पाठाबद्दल बोलायचं. याला संमेलन म्हणत, आणि त्या पाठाला आदर्श पाठ. सलग अकरा वर्षं हा आदर्श पाठ हरिचंद्र गुरुजींचा होता. विषय अपूर्णांक. ठमाबाई तांदळाची एक मोठी गोल भाकरी करून देत, गुरुजी ती वर्गासमोर मोडत, अर्धी, पाव, अर्धपाव, आणि चौथीची पोरं घड्याळासारखी उत्तरं देत. देणारच. त्यांची पंधरा दिवस आधीपासून तालीम चालायची. मागे बसलेल्यांना हे ठाऊक होतं, कारण आपापल्या शाळेत साहेब यायचे असले की तेही तेच करत. तरीही टाळ्या पडत. हरिचंद्र गुरुजींचं फळ्यावरचं अक्षर बघायला नव्या शिक्षकांना मुद्दाम पुढे बसवत. तीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींनी ना घर बांधलं ना पुढारीपण केलं. कमावला तो हा एक दिवस.

आणि तो दिवस त्या शनिवारी केंद्रप्रमुख देसले साहेबांनी एका वाक्यात दुसऱ्याला देऊन टाकला. दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा हा साहेब स्वभावानं गरीब. तो चाचरत म्हणाला, "गुरुजी, यंदा वर्ग तुमचाच, पण पाठ शालन बाई घेतील म्हणतोय. सगळ्यांची तशी इच्छा दिसते."

सगळ्यांची म्हणजे कोणाची, हे गुरुजींनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

शालन गायकवाड ही अंबरनाथला राहणारी, चिखलोलीच्या बाजूला दोनच शिक्षक असलेल्या शाळेत शिकवणारी तिशीची बाई. वडील अंबरनाथच्याच एका कारखान्यात फिटर. तिच्या वर्गात एक पोर मराठी बोलणारं, तर दुसरं हिंदी, तिसरं वीटभट्टीवरचं कातकरी, आणि चौथं बोलतच नाही असं. पहिल्या वर्षी ती रडकुंडीला आली आणि एका शनिवारी शाळा सुटल्यावर शेजारच्या शाळेतल्या दोघींना म्हणाली, "मला हे जमत नाहीये. तुम्हाला जमतं का?" त्या दोघी म्हणाल्या, "आम्हाला तरी कुठं." झालं, तिथून बैठक सुरू झाली. दर शनिवारी दुपारी शालनच्या शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी घालायची. प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या एका पोराचं नाव घेऊन यायचं आणि म्हणायचं, हे पोर मला जमलेलं नाही. मग त्या पोराबद्दल तीन गोष्टी सांगायच्या. मार्क सोडून कुठल्याही तीन. मग बाकीचे सुचवणार, हे करून बघा, ते करून बघा. पुढच्या शनिवारी काय झालं ते सांगायचं. वर चहा आणि खारी.

तिनाचे अकरा झाले. गुरुजींच्या शेजारचा वर्ग सांभाळणाऱ्या वेणूबाईसुद्धा जायला लागल्या, तेव्हा गुरुजींना पहिली मिरची झोंबली. वेणूबाई पंधरा वर्षं प्रत्येक अडचणीला "गुरुजी, जरा बघता का?" म्हणत त्यांच्या दारात यायच्या. आता त्या मधल्या सुट्टीत डबा उघडत म्हणायच्या, "शालन म्हणते, पोराला घरच्या भाषेत मोजू द्यावं आधी. मी केलं तसं. अहो, चाललं की."

"चालेल ना," गुरुजी म्हणायचे आणि लोणच्याची फोड बाजूला सारायचे.

त्यांना हे कोडंच सुटत नव्हतं. आपल्याला जमतं ते बघायला माणसं वर्षातून एकदा येतात, तीही वरून हुकूम असतो म्हणून. आणि मला जमत नाही, असं उघड सांगणाऱ्या बाईकडे दहा शिक्षक दर आठवड्याला पदरचं भाडं भरून रिक्षानं जातात. न जमण्यात कसली आली हुशारी? गुरुजी मनातल्या मनात हे शंभरदा म्हणत आणि शंभरदा त्यांचं पोट जळे. मत्सर असा कामसू असतो, की आळशी माणसालाही कामाला लावतो; गुरुजी तर मुळातच मेहनती.

तर आता वर्ग त्यांचा आणि पाठ तिचा. यजमान शिक्षकानं फक्त घटक ठरवून द्यायचा आणि पोरं बसवून द्यायची, अशी रीत. गुरुजींनी घटक दिला धारकता, म्हणजे लिटर आणि मिलिलिटर. गणितातला सगळ्यात कोरडा भाग. तिथे ना भाकरी मोडता येते, ना गोष्ट सांगता येते. पण एवढ्यानं त्यांचं समाधान होईना.

गुरुजींच्या तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात पाच पोरं अशी होती, की जी साहेबांना कधी दिसलीच नव्हती. एक यल्लव्वा, खदाणीवर दगड फोडणाऱ्या विजापूरकडच्या कुटुंबातली. एक कानानं अधू. दोघे भाऊ भट्टीवरचे, दिवाळीनंतर उगवणारे आणि पावसाआधी मावळणारे. आणि एक जिच्या काखेत कायम धाकटा भाऊ, ती सखू. शाळा तपासायला कोणी आलं, संमेलन असलं, की गुरुजी म्हणत, "यल्लव्वा, चला, पाणी." ती पाच जणं कळश्या घेऊन पलीकडच्या वाडीतल्या हातपंपावर जात आणि पाहुण्यांसाठी व्हरांड्यातलं पिंप भरत. पाठ संपेपर्यंत त्यांच्या खेपा चालत. ही काही गुरुजींचीच युक्ती नव्हे. कुठे पोरं पाण्यावर जात, कुठे साहेबांसाठी चहा आणायला, कुठे त्या दिवशी घरीच राहायला. जुने शिक्षक नव्यांना ही गोष्ट मायेनं शिकवत.

यंदा गुरुजींनी उलटं केलं. पाचही ढ पोरं वर्गात पहिल्या ओळीत बसवायची आणि वर्गातली हुशार पाच पाण्यावर पाठवायची, असं त्यांनी ठरवलं. होऊन जाऊ दे. बघू दे सगळ्या केंद्राला, जमत नाही म्हणजे काय असतं ते.

हे ठरल्यावर त्यांना बरं वाटलं आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली. त्या रविवारी ते ठमाबाईंशी दोनदा हसून बोलले. ठमाबाई म्हणाल्या, "कुनाचा काटा काढलाव?"

"कोणाचा नाही."

"मंग हसताव कशाला?" असं म्हणून त्या आत गेल्या.

संमेलनाच्या दिवशी तीस शिक्षक आले. वर्गाच्या मागच्या बाजूला बाकं आणि सतरंज्या टाकल्या होत्या. शालन बाई साधी सुती साडी नेसून आली, हातात एक पिशवी. पिशवीत होती लिटरभर तेलाची धुतलेली रिकामी बाटली. बस्स. ना तक्ते, ना रंगीत खडू. गुरुजींनी ते बघितलं आणि आपली अकरा वर्षांची साधनं आठवून त्यांना तिची कीव आली. कीव करायला मिळाली म्हणून बरंही वाटलं.

"पट पूर्ण आहे ना, गुरुजी?" तिनं विचारलं.

"पाच जण पाण्यावर गेलेत. येतील."

तिनं पहिल्या ओळीकडे बघितलं. सखूच्या मांडीवरचा भाऊ अंगठा चोखत होता. कानानं अधू असलेला पोरगा खिडकीबाहेर बघत होता. शालन बाई खाली जमिनीवरच बसली, त्यांच्यासमोर.

पाठ सुरू झाला आणि गुरुजींच्या मनासारखा बसला. लिटर म्हणजे काय, या प्रश्नावर पहिली ओळ दगड. भट्टीवरचे दोघे भाऊ एकमेकांच्या आड लपायला लागले. मागच्या ओळीतून दोघातिघांनी सांगितलं, पण बाई पहिली ओळ सोडेना. दहा मिनिटं गेली. मागे कुजबुज सुरू झाली. देसले साहेबांनी खोकून घड्याळ बघितलं. वेणूबाई पदराचं टोक पिळत होत्या. गुरुजी भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या मनात एक वाक्य तयार होत होतं, शेवटी बोलायचं: "बाईंनी प्रयत्न चांगला केला." किती गोड वाक्य. त्यांनी ते दोनदा घोळवलं.

तेवढ्यात दारात श्रीपाद उभा राहिला. वर्गातला पहिला नंबर, पोस्टातल्या कारकुनाचा मुलगा. चड्डीपासून मोज्यांपर्यंत निथळत होता.

"गुरुजी, पिंप भरतच नाही. पंचवीस कळश्या झाल्या."

गुरुजी त्याला डोळ्यांनी हाकलत होते, पण शालन बाई जागची उठली. "पंचवीस? मग तुला काय वाटतं, किती लागतील?"

"एक हजार मिलिलिटर म्हणजे एक लिटर," श्रीपाद म्हणाला. घाबरला की तो असंच करायचा.

तेव्हा पहिल्या ओळीत कोणीतरी हसलं. यल्लव्वा हसली होती. दोन वर्षांत गुरुजींनी तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

"पंचवीस नाय लागत," ती म्हणाली. "अठरा लागतंय. हे अर्धी अर्धी आणतंय, अन् वाटंला सांडतंय."

"अठराच?"

"अठरा. मोठी कळशी असंल तर."

शालन बाईनं ती कळशी वर्गात आणवली, दारातल्या बादलीतलं पाणी आणि आपली बाटली पुढे ठेवली. "मोजू या. बाटली एक लिटरची आहे. कोण मोजतं?" भट्टीवरचे भाऊ आधीच उठले होते. एक ओतत होता, दुसरा त्यांच्या भाषेत मोजत होता आणि सखू ते मराठीत सांगत होती. कानानं अधू पोरगा प्रत्येक बाटलीला फळ्यावर एक रेघ मारत होता, कारण रेघ मारायला ऐकू यावं लागत नाही. आठ रेघा झाल्या. आठ लिटर. अठरा आठे किती, हे मागच्या ओळीतल्यांनी सांगितलं. एकशे चव्वेचाळीस.

"पण पिंपावर तर दीडशे लिटर लिहिलंय," शालन बाई म्हणाली. "सहा लिटर कुठे गेले?"

वर्ग विचारात पडला. श्रीपादसुद्धा. खरं सांगायचं तर मागे बसलेले तीस जणही.

"काठाला नाय भरायचं," यल्लव्वा म्हणाली. "काठाला भरलं की तांब्या घालताना सांडतंय. मंग पाव्हन्याचं बूट भिजतंय. गुरुजी वरडतात."

"तुला एवढं कसं गं माहीत?"

"आमीच भरतो न्हवं," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. उलट पहिल्यांदा विचारलं म्हणून जरा ऐट होती. "साहेब आलं की आमी पाच. मागच्या वर्षी भाकरीचा पाठ होता, तवाबी आमीच. आज आमाला पाठवलंच नाय."

हरिचंद्र गुरुजींनी मागे बघितलं. त्यांना वाटलं होतं तीस जण आपल्याकडे बघत असतील. कोणी बघत नव्हतं. तीसच्या तीस माना खाली होत्या, आणि देसले साहेब, जे स्वतः वीस वर्षं शिक्षक होते, ते हजेरीपत्रक उघडून त्यात काहीतरी शोधत होते. प्रत्येकाच्या शाळेत एक पिंप होतं.

शालन बाईनं मात्र गुरुजींकडे एकदाही बघितलं नाही. "मग भरायचं पिंप किती लिटरचं आणि भरतो किती, हे दोन वेगळे आकडे झाले," ती म्हणाली आणि पाठ पुढे नेला. तिनं रागानं एकदा बघितलं असतं, तर गुरुजींना सोपं गेलं असतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे तर होतंच. पण त्याहून जास्त झोंबत होतं ते दुसरंच. दोन वर्षं रोज पाच तास ती पोरगी त्यांच्यासमोर बसत होती आणि हसली ती पंधरा मिनिटांत दुसरीसमोर.

पाठ संपला. एकेक जण उठून बोलायला लागला. पण त्या दिवशी कोणी "पाठ छान झाला" म्हणून बसेना. वेणूबाई म्हणाल्या, "माझ्या वर्गातली दोघं मी आज घरी ठेवलीत." मग आणखी एक उठले, आणखी एक. असं संमेलन कोणी बघितलं नव्हतं.

गुरुजींची पाळी आली. त्यांनी कागदावर तीन दोष लिहून ठेवले होते. ते उठले, कागद बघितला, आणि त्यातला एकच वाचता आला.

"फळ्यावर तारीख लिहिलेली नव्हती," ते म्हणाले.

शालन बाई उठली, फळ्यापाशी गेली. "बरोबर आहे, गुरुजी. राहिलीच." तिनं आठ रेघांच्या वर नीट तारीख घातली. तिचं अक्षर काही चांगलं नव्हतं. गुरुजींना तेवढाही आधार पुरला नाही.

शेवटी देसले साहेबांनी सांगितलं, की यापुढे आदर्श पाठ दरवर्षी बाईंचाच. ती म्हणाली, "नको साहेब. दर महिन्याला वेगळ्यानं घ्यावा, ज्याला अडतंय त्यानं. फक्त पट पूर्ण असू दे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनीही वाजवल्या, हातांचा आवाज न होऊ देता. गुरुजींचा दिवस तिनं स्वतः घेतला असता, तर तिच्यावर जळत तरी बसता आलं असतं. तिनं तो सगळ्यांना वाटून टाकला. आता जळायचं तर कोणाकोणावर?

घरी ठमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पोरगी खोटं बोलली?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग जेवा."

पुढच्या शनिवारी गुरुजी चिखलोलीच्या त्या व्हरांड्यात गेले. कोणी बोलावलं नव्हतं. सतरंजीवरच्या माणसांनी सरकून जागा केली आणि विशेष काही घडल्यासारखं कोणी वागलं नाही. पाळी त्यांच्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून पाच नावं वाचली. एवढी नावं कोणीच आणली नव्हती. इथेही आपलीच जास्त, असं त्यांच्या मनात येऊन गेलंच. स्वभावाला औषध नसतं.

"गुरुजी, एकच," शालन बाई म्हणाली. "एकाबद्दलच नीट बोलू."

"यल्लव्वा."

"तीन गोष्टी सांगा तिच्याबद्दल."

"पाणी भरते," गुरुजी म्हणाले.

चहाचं भांडं स्टोव्हवर वाजत होतं. गुरुजींनी दुसरी गोष्ट शोधली. ती घरी कोणती भाषा बोलते, किती भावंडं, शाळेला किती लांबून येते, काय खाते, कशाला घाबरते. तीस वर्षं शिक्षकी केलेल्या माणसाला तीनपैकी एकच गोष्ट सांगता येत होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर ते उठून जाऊ शकले असते.

"पुढच्या शनिवारी सांगा," शालन बाई म्हणाली. "घाई नाही." अडलेल्या पोराला सांगावं तसं ती म्हणाली, आणि गुरुजींना तिच्या त्या धीराचासुद्धा हेवा वाटला.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर त्यांनी वर्गात हाक मारली, "यल्लव्वा, इकडे ये."

ती उठली. सरळ कोपऱ्यात गेली, चुंबळ डोक्यावर ठेवली, कळशी उचलली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. मागोमाग दोघे भाऊ उठले, सखूनं भावाला काखेत घेतलं, आणि कानानं अधू पोरगा त्या सगळ्यांकडे बघून उठला. गुरुजींनी तिचं नाव घेतलं की काय करायचं, हे पाचही जणांना दोन वर्षांत पक्कं पाठ झालं होतं. त्यांनी शिकवलेलं एवढं एकच त्या पोरांना न चुकता येत होतं.

"कोन येनार, गुरुजी?" यल्लव्वानं विचारलं आणि तिचा चेहरा उजळला. "त्या बाई येनार?"

"नाही."

"मंग?"

"कळशी ठेव. इथे बस. मला तुझ्याबद्दल तीन गोष्टी सांग."

ती संशयानं बघत राहिली. कळशी तिनं ठेवली नाही. "कशाला?"

गुरुजींना खोटं सांगता आलं असतं. मलाच ऐकायच्यात, असं म्हणता आलं असतं, आणि ते आता खरंही होतं. पण तिनं ते मानलं नसतं, हे त्यांना दिसत होतं.

"शनिवारी त्या बाईंना सांगायच्यात," ते म्हणाले.

यल्लव्वानं कळशी खाली ठेवली, चुंबळ मांडीवर घेऊन त्यांच्या टेबलापाशी बसली आणि भराभर बोलायला लागली, जणू बाई समोरच बसली होती. गुरुजींच्या पोटात जुनं दुखणं एकदा पिळून गेलं. त्यांनी टाचणवही उघडली, आधी तारीख घातली आणि ती सांगेल तसं लिहू लागले.